तळघरात गाणाऱ्या बाई

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या ज्या इमारतीत आम्ही राहतो तिथे कपडे धुवायची सोय तळघरात आहे. प्रत्येक बिऱ्हाडाचं आपलं मशीन, सगळी एका रांगेत, आणि प्रत्येकावर आडनावाची चिठ्ठी. या खोलीला इथे वाशक्युशे म्हणतात. एका शनिवारी दुपारी मी कपड्यांची टोपली घेऊन खाली उतरत होते आणि जिन्यावरच थबकले. खाली कोणीतरी गात होतं.

मी गाड्यांच्या कारखान्यात आवाजाचं काम करते. चालत्या गाडीत काय घरघरतं, कुठला सांधा कुठल्या वेगाला कुरकुरतो हे शोधायचं, ही माझी नोकरी. त्यामुळे आवाज आला की तो कुठून येतोय हे माझ्या मनात आधी येतं, कसा आहे ते नंतर. त्या दिवशी उलटं झालं. बाईचा आवाज होता, वयस्कर, खाली भरदार आणि वर जाता जाता कोरडा पडत गेलेला. मी टोपली कमरेवर तशीच धरून दोन कडवी ऐकली. मग कुठे लक्षात आलं की एका ठरावीक सुराला कुठल्यातरी मशीनचं झाकण झिणझिणतंय.

दार ढकललं तर आत तळमजल्यावरच्या बाई. तोपर्यंत आमची ओळख पोस्टाच्या पेट्यांपाशी 'हालो' म्हणण्याइतकीच. उंच, कृष्णवर्णी, सत्तरी ओलांडलेल्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. पाठ हीटरच्या पाइपाला टेकवून उभ्या होत्या.

"त्रास होतोय का?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं. "दुपारी एक ते तीन इमारतीत आवाज करायचा नाही, म्हणून मी इथे येते."

"अजिबात नाही. फक्त ते तिसरं झाकण तुमच्याबरोबर गातंय. एकाच सुराला."

त्या मोठ्याने हसल्या आणि इंग्रजीवर आल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर! तीन वर्षं मी तो सूर चुकवून जातेय. तुला कसं कळलं?"

मी झाकणाखाली कपड्याची घडी सारली. त्यांनी तो सूर पुन्हा लावला. झाकण गप्प. तिथून आमची मैत्री सुरू झाली.

माझा नवरा तेव्हा झिंडेलफिंगेनला नोकरीला होता. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी संध्याकाळी यायचा. मधले दिवस मी आणि भिंती. मग कामावरून आल्यावर आठवड्यातून दोनदा तरी मी खालच्या बाईंकडे कॉफीला जाऊ लागले. त्यांची कहाणी मला त्यांच्या स्वयंपाकघरात तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि ती त्यांनी कधीच सुरुवातीपासून सांगितली नाही.

जन्म अलाबामातल्या एका लहान गावात. आई चर्चमध्ये गायची, तिच्या मांडीवर बसून याही गायच्या. सतराव्या वर्षी मावसबहिणीबरोबर डेट्रॉइटला गेल्या. तिथे गाड्यांच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवायचं काम मिळालं. "म्हणजे तू आणि मी एकाच धंद्यातल्या," त्या मला म्हणाल्या. शनिवार-रविवारी आठ पुरुषांच्या एका फंक बँडपुढे उभं राहून गायच्या. त्या बँडबरोबर एकच रेकॉर्ड निघाली, दोन बाजूंना दोन गाणी. पहिल्या बाजूचं गाणं गोडगोड होतं, ते कंपनीने सांगून करून घेतलेलं. दुसरं बँडने अर्ध्या तासात उरकलं. त्यात सकाळच्या पाळीला निघालेली एक बाई झोपलेल्या नवऱ्याला सांगते की आज संध्याकाळी मी परत येणार नाही. शेवटी ती एक किंकाळी फोडते, आणि ती किंकाळी सुरात वर, आणखी वर चढत जाते. त्या शहरातल्या रेडिओवर ते गाणं एक उन्हाळाभर वाजलं. मग थांबलं.

त्यानंतर बँडला जर्मनीचं बोलावणं आलं. इथल्या अमेरिकन सैन्यतळांवर क्लब असायचे, तिथे सहा आठवडे गायचं. सहा आठवडे झाल्यावर बँडमधले सात जण परत गेले, एक जण फ्रान्सला गेला, आणि बाई राहिल्या.

"का राहिलात?" मी विचारलं.

त्यांनी खांदे उडवले. "आमच्या गावात आम्हा काळ्यांना मागचं दार असायचं. कासलमध्ये एका दुपारी मी एका हॉटेलात पुढच्या दाराने शिरले आणि कोणी मागे वळून पाहिलं नाही. बघितलं असेलही. पण मला वाटलं, कोणी बघितलं नाही. त्या वाटण्यावर माणूस खूप वर्षं काढू शकतो."

मग म्युनिकचे स्टुडिओ. तेव्हा तिथे नाचायची गाणी निघत होती आणि त्यांना अमेरिकन बायकांचे आवाज हवे असत. बाईंनी कितीतरी रेकॉर्डवर गायलं. कव्हरवर चेहरा दुसरीचा. एकदा म्युनिकच्या स्टेशनवर त्यांनी पोस्टरवर एक सुंदर, तरुण मुलगी पाहिली आणि शेजारच्या दुकानातून येणारं तिचं गाणं ऐकलं तर आवाज आपलाच. "मला राग नाही आला," त्या म्हणाल्या. "तिचे दात छान होते." पण हे सांगताना त्या कॉफीचा कप उगाचच पुसत होत्या. पुढे नऊ वर्षं एका लोकप्रिय जर्मन गायकाच्या मागे उभ्या राहून गायल्या, उजवीकडून तिसऱ्या. मग थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गळा वाचला, वरचे सूर गेले. तेव्हापासून दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये गॉस्पेलची गाणी शिकवतात. समोर पोस्टमन, दातांची डॉक्टर, निवृत्त गणितशिक्षक असे तीस जर्मन, टाळी चुकीच्या मात्रेवर देणारे.

पुढच्या वसंतात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. त्या साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत संगीताच्या शिक्षिका होत्या. अख्खा जन्म शिकवण्यात गेल्यामुळे स्पष्ट बोलायची सवय, आणि पाहुण्यांसमोर ती आवरायची सवय नाही. मी दिवसभर कारखान्यात. जाताना सांगून जायची, "अहो आई, बाहेर गेलात तर फोन बरोबर ठेवा."

एका दुपारी मी लवकर घरी आले तर घरात कोणी नाही. फोन टेबलावर. चपला दारात नाहीत. मी बाल्कनीतून बाग पाहिली, कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत धावत गेले. परत येऊन जिन्यात शिरले तेव्हा तळघरातून आवाज आला. त्या वाशक्युशेमध्ये होत्या. शाल पांघरून, पालथ्या टोपलीवर बसून, हाताने ठेका धरत. समोर खालच्या बाई सारेगम म्हणत होत्या. कोमल रिषभावर अडल्या की सासूबाई मान हलवायच्या आणि स्वतः गाऊन दाखवायच्या.

"अहो आई, किती घाबरले मी!"

"त्यात घाबरायचं काय? रोज येते मी इथे. जेवण झालं की."

रोज. आठवडाभर. दोघींमध्ये एकही शब्द समान नव्हता. मला थोडं हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. या बाईंच्या मी वर्षभर कॉफ्या प्यायले होते, पण त्यांनी मला कधी गाणं शिकवलं नव्हतं. मी कधी मागितलंही नव्हतं.

त्याच महिन्यात बाईंना एक पत्र आलं. माइन्झमधल्या काही तरुणांचा सोल-फंक बँड होता. त्यातल्या कोणालातरी जुन्या बाजारात ती रेकॉर्ड सापडली होती, आणि आता ते दुसऱ्या बाजूचं गाणं इंटरनेटवर तरुण मुलं ऐकत, नाचत होती. बँडने शोध घेत घेत बाईंचा पत्ता मिळवला होता. उन्हाळ्यात माइन नदीच्या काठी आमच्या गावाचा उत्सव असतो, तिथे त्यांनी गावं, अशी विनंती.

बाईंनी ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं. "बघ, त्यांनी माझं नाव बरोबर लिहिलंय," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डवर चुकलं होतं."

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. टेबलावर केक, आणि कपाटावरून काढलेला रेकॉर्ड प्लेयर. आधी त्यांनी ते जुनं गाणं ऐकवलं. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटची किंकाळी आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मग बाईंनी रेकॉर्ड परत लावली आणि तिच्याबरोबर स्वतः गायल्या. मधलं सगळं सुंदर झालं. वरच्या सुराला मात्र आवाज फाटला. बाईंनी मान मागे टाकली, हात वर नेला, चेहरा असा केला की जणू सूर लागलाच. संपल्यावर त्या सासूबाईंकडे वळल्या. "विचार तिला. कसं वाटलं?"

सासूबाई मराठीत म्हणाल्या, "खालचं सगळं खरं आहे. असं गाणं मी आधी ऐकलेलं नाही, पण खरं आहे ते कळतं. वरचा सूर आता लागत नाही त्यांना, आणि त्या लागल्यासारखं करतात. ते ऐकवत नाही. पट्टी उतरवा म्हणावं. त्यात लाज कसली?"

मी बाईंना सांगितलं, "त्यांना फार आवडलं. अजूनही सुंदर आहे म्हणतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग परत माझ्याकडे. "हनी, ती अर्धा मिनिट बोलली. तुझं दोन वाक्यांत संपलं. ती काय म्हणाली ते सांग."

माझे कान तापले. कारखान्यात एखाद्या गाडीचा आवाज वाईट असेल तर मी ते आकड्यांत, आलेखात, वरिष्ठांच्या तोंडावर सांगते. इथे केक खाता खाता मी एका म्हाताऱ्या गायिकेला खोटं सांगत होते. कशासाठी? तिला जपायला, असं मी स्वतःला सांगितलं असतं. आता वाटतं, मी त्या खोलीतल्या चांगल्या वातावरणाला जपत होते. त्यात मीच बसले होते ना.

मी शब्दन् शब्द सांगितलं.

बाईंनी उठून रेकॉर्ड प्लेयर बंद केला. खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सासूबाई कुजबुजल्या, "तू आधी काय सांगितलं होतंस त्यांना?"

"नंतर सांगते, आई."

"ऑपरेशननंतर सगळे मला म्हणाले, तू पूर्वीसारखीच गातेस," बाई खिडकीकडे तोंड करूनच बोलल्या. "चर्चमधले म्हणतात. माझा डॉक्टर म्हणतो. मला माहीत होतं. पण मला वाटायचं, फक्त मलाच माहीत आहे." मग वळल्या. "तिला विचार, पट्टी उतरवणं म्हणजे नक्की काय करायचं?"

सासूबाईंना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी पर्समधून फोन काढला. त्यात तानपुऱ्याचं ॲप होतं. बाईंना त्यांनी नुसतं 'आ' म्हणायला सांगितलं, सोपं, बोलल्यासारखं. मग तानपुरा एकेक पट्टी खाली आणत गेल्या. "आमच्याकडे गाणं कुठल्या पट्टीत आहे ते गाणारा ठरवतो," त्या म्हणाल्या. मी भाषांतर करत होते, यावेळी एक शब्द न गाळता. "मी पन्नाशीनंतर पेटीवरच्या काळी पाचवरून काळी तीनवर आले. वर्गातल्या मुलींना सांगितलं, आजपासून पेटी खाली लावायची. कोणी काही म्हटलं नाही. म्हणालं असतं तरी गळा माझा होता."

काळी तीनवर तानपुरा थांबला. बाईंनी ते गाणं त्याच्यावर हळूच सुरू केलं. मागे ड्रम नाही, गिटार नाही, नुसतं फोनमधून येणारं ते एकसुरी गुंजन. शेवटाला पोचल्या तेव्हा त्यांनी मान मागे टाकली नाही. सूर लागला. किंकाळी नव्हती ती, पण सूर होता, सरळ, बारीक, स्थिर. आपलं आपल्यालाच खरं न वाटून त्यांनी तो तीनदा लावून पाहिला.

"पण लोक त्या किंकाळीसाठी येणार," त्या म्हणाल्या.

सासूबाई म्हणाल्या, "येऊ देत की."

तालमीला सासूबाई आणि मी बाईंबरोबर गेलो. बँडचा म्होरक्या ट्रम्पेट वाजवायचा, दाढीवाला, अतिशय नम्र. बाईंनी गाणं कुठे हवंय ते सांगितलं तसा त्याचा चेहरा पडला. आमच्या काळी तीनला हे लोक फिस म्हणतात.

"फिस? आल्झो, म्हणजे... ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनला तिथे वाजवणं म्हणजे शिक्षा आहे," तो म्हणाला. "आणि मूळ गाणं त्या उंचीमुळेच तर असं वाटतं. आपण वरची किंकाळी रेकॉर्डवरून उचलून मागे वाजवू शकतो. तुम्ही नुसता हात वर करायचा. कोणाला कळणार नाही."

त्याचा हेतू वाईट नव्हता. तो त्यांच्या त्या आवाजावर मनापासून प्रेम करत होता, अडचण तीच होती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझा आवाज आणि दुसरीचं तोंड, हे मी म्युनिकमध्ये पुष्कळ केलं. आता माझ्याच आवाजाला मी तोंड द्यायचं? नाही, बाळा."

तो लाल झाला. मग त्याने सॅक्सोफोनवाल्या मुलीकडे पाहिलं. तिने सुचवलं, "फिसपेक्षा अर्धा सूर खाली आलं तर आम्हाला सोपं जाईल. चालेल?"

बाईंनी मला विचारलं, मी सासूबाईंना. "अजून खाली?" सासूबाई खूश झाल्या. "उत्तम. श्वासाला जागा मिळेल."

उत्सवाच्या दिवशी बाईंनी चांदीच्या रंगाचा कोट घातला होता आणि पायात पांढरे सपाट बूट. सासूबाई नऊवारी नेसतील असं मला उगाच वाटलं होतं. त्या नेहमीच्या पाचवारीवर माझ्या नवऱ्याचं जॅकेट चढवून आल्या. नवरा आदल्या संध्याकाळीच झिंडेलफिंगेनहून आला होता. पाच वाजता, लख्ख उन्हात, नदीच्या बाजूने वारा सुटलेला असताना बाई स्टेजवर आल्या. समोर तरुण पोरं, बिअरचे ग्लास, सॉसेजचा धूर, बाबागाड्या. मंगळवारचे तीस जण एका बाजूला घोळक्याने उभे.

पहिल्या दोन गाण्यांना लोक आपसात बोलत होते. तिसरं ते गाणं. बेसची सुरुवात वाजली आणि तरुण पोरांनी ओरडून ती ओळखली. पट्टी खाली आल्यामुळे गाण्याची चाल जराशी जड झाली होती. मला आवडली ती. पूर्वी गाण्यातली ती बाई रागाने घर सोडत होती. आता विचार करून सोडत होती. शेवट जवळ आला तसे पुढचे लोक हात वर करून तयार झाले. आमच्या शेजारी एक जर्मन गृहस्थ जुनी रेकॉर्ड छातीशी धरून उभे होते. त्यांनी तर स्वतःच किंकाळी फोडली, रेकॉर्डमधल्या जागी, आणि ती भलतीकडे गेली. स्टेजवर मात्र बाईंनी तो सूर नुसता ठेवला. सगळी वाद्यं थांबली होती. किती वेळ, ते मी मोजलं नाही. लोकांचे वर गेलेले हात हळूहळू खाली आले. काहींना कळलं नाही की टाळ्या कधी वाजवायच्या. सासूबाईंनी "वा!" म्हटलं, मोठ्याने, साताऱ्यात म्हणतात तसं, आणि मग मंगळवारचे तीस जण टाळ्या वाजवत सुटले.

सगळ्यांना आवडलं असं नाही. मागून एक मुलगा मित्राला म्हणत होता की व्हिडिओतलं भारी आहे. कार्यक्रमानंतर ते रेकॉर्डवाले गृहस्थ सही घ्यायला आले आणि जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "रेकॉर्डवर हे पुष्कळ उंच होतं."

"हो," बाई सही करता करता म्हणाल्या. "तेव्हा माझ्या बुटांच्या टाचाही उंच होत्या."

त्यांनी रेकॉर्डवरचं चुकलेलं आपलं नाव पेनाने दुरुस्त केलं आणि मग सही केली.

जुलैअखेर सासूबाई परत गेल्या. विमानतळावर खालच्या बाई आल्या होत्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि आपापल्या भाषेत बरंच बोलल्या. मी भाषांतर केलं नाही, मला कोणी सांगितलंही नाही.

बाईंनी त्या बँडबरोबर शरद ऋतूत आणखी दोन कार्यक्रम केले, एक मानहाइमला, एक कासलला. मग थांबल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मला प्रवासात झोप लागत नाही. आणि आता मला पुढे उभं राहायची हौस उरली नाही. पण एकदा राहायचं होतं, माझ्या नावाने." यात कडवटपणा होता का, हे मी नीट ऐकून पाहिलं. थोडा होता. थोडा असणारच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे गाऊन तीन संध्याकाळी मिळाल्या होत्या. हे पुरेसं आहे असं म्हणायचा हक्क फक्त त्यांना होता, आणि त्यांनी ते कधी म्हटलं नाही.

मी आता मंगळवारी त्यांच्या वर्गात जाते, खालच्या आवाजांच्या रांगेत उभी राहते. टाळी मीही चुकवते. बँडला नवी गायिका मिळाली आहे, तेवीस वर्षांची, ऑफेनबाखची. ती ते गाणं मूळच्या उंच पट्टीत गाते. पहिल्याच महिन्यात तिचा गळा बसला, तेव्हा म्होरक्याने तिला बाईंकडे पाठवलं. आता शनिवारी दुपारी एक ते तीन दोघी खाली असतात. परवा मी कपडे घेऊन गेले तेव्हा बाई तिला सांगत होत्या, किंकाळी गळ्यातून काढायची नसते, पोटातून काढायची, आणि ज्या दिवशी निघणार नाही त्या दिवशी काढायची नसते. मुलीने विचारलं, "आणि लोकांना काय सांगायचं?" बाई म्हणाल्या, "काही नाही. पुढच्या ओळीवर जायचं." मी मशीन सुरू न करताच वर आले.